कोणते पिंपळगाव?

आमच्या जालना जिल्ह्यात पिंपळगावे किती आहेत, हे आम्ही मोजलेले नाही. भोकरदन तालुक्यातले पिंपळगाव रेणुकाई पुष्कळांना ऐकून ठाऊक असते. त्याखेरीज ज्या गावाच्या वेशीवर कधीकाळी पिंपळ होता आणि ज्याला दुसरे नाव सुचले नाही, अशी गावे मराठवाड्यात जागोजागी भेटतात. वडगाव, पिंपरी, बोरगाव, वरूड यांचीही गत तीच. गावकऱ्यांची त्यामुळे कसलीच अडचण होत नाही. शेजारच्या गावाचे, देवीचे किंवा एखाद्या घराण्याचे नाव मागेपुढे जोडून ते आपले काम भागवतात. अडचण झाली ती आमची.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या २३ तारखेला आम्ही मराठी शिकवणारे तिघे जण, पदव्युत्तर वर्गातील चौदा मुले-मुली आणि दोन भाड्याच्या जीपगाड्या असा लवाजमा घेऊन असईला निघालो होतो. १८०३ साली याच तारखेला तिथे लढाई झाली. ऐतिहासिक गद्य शिकवताना जी गावे आम्ही फळ्यावर लिहितो, ती मुलांनी एकदा पायांखाली घालावीत, एवढाच हेतू. असईच्या जवळ केळणा नदीला जिथे इंग्रजी फौजेने उतार शोधला, ते पिंपळगाव आधी पाहायचे आणि मग असईला जायचे असे ठरले होते. आमच्यापैकी एकाने मोबाइलमधल्या नकाशात ‘पिंपळगाव’ असे लिहिले. यादीत जे पहिले नाव आले त्यावर बोट ठेवले. त्यानंतरचा सारा प्रवास त्या बोटाने ठरवला.

तासाभराने डांबर संपले. पुढे खडी संपली. मग गाडीवाट लागली आणि नकाशातली निळी रेघ मात्र तितक्याच आत्मविश्वासाने पुढे धावत होती. दुपारी पाऊस आला. काळ्या रानात पावसानंतर चाकाची काय दशा होते, हे मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको. पहिली जीप आसापर्यंत रुतली, दुसरी तिला ओढायला गेली आणि तीही रुतली. मोबाइलची रेंज केव्हाच गेली होती. अंधार पडता पडता बैल घेऊन घराकडे निघालेले एक म्हातारबाबा दिसले. आम्ही पिंपळगावचा रस्ता विचारला. त्यांनी आमच्याकडे, मग जीपकडे पाहिले आणि विचारले, “कोन्तं पिंपळगाव पायजे सर तुमाला?”

त्यांच्याच मुलाच्या ट्रॅक्टरने आम्हाला बाहेर काढले. जालन्याला पोचायला रात्रीचे साडेअकरा वाजले. महाविद्यालयाच्या फाटकाशी पालक उभे होते. बहुतेक जण रागावले, बोलले, शांत झाले. एका विद्यार्थिनीचे वडील काहीच बोलले नाहीत. त्यांनी मोटारसायकलला किक मारली, मुलीला मागे बसवले आणि गेले. पुढच्या सहलीच्या यादीत तिचे नाव नव्हते, त्यापुढच्याही नव्हते. आम्हाला लेखी खुलासा द्यावा लागला, तो आम्ही दिला. त्याचे फारसे काही वाटले नाही. त्या न आलेल्या नावाचे मात्र वाटले, आणि हा लेख त्याच कारणाने लिहीत आहोत. एरवी मराठीच्या अध्यापकांनी जीपीएस यंत्रांवर लिहावे हा जरा आगाऊपणाच.

गंमत अशी की, त्याच परिसरात जवळजवळ हीच चूक आमच्याहून बऱ्याच मोठ्या माणसाच्या नशिबी आली होती. आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि ज्याने वॉटर्लूला नेपोलियनचा पाडाव केला, तो १८०३च्या सप्टेंबरात दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजांच्या मागावर या मुलखात हिंडत होता. हरकाऱ्यांनी त्याला बातमी दिली की फौज भोकरदनला आहे. बातमी खरी होती. पण भोकरदन हे जसे गावाचे नाव होते तसेच ते भोवतालच्या मुलखाचेही होते. मराठी फौजेची उजवी बाजू भोकरदन गावाशी होती; ज्या पायदळावर वेलस्लीला चालून जायचे होते ते डाव्या टोकाला, सहा ते आठ मैल पलीकडे, असईपाशी होते. कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेला गाठून २४ तारखेला एकत्र हल्ला करायचा हा मूळचा बेत. प्रत्यक्षात २३ तारखेलाच, स्टीव्हन्सन पोचायच्या आत, आख्खी फौज त्याच्या पुढ्यात उभी राहिली. नावाच्या या घोटाळ्याचा खुलासा त्याने नंतर टॉमस मन्रोला लिहिलेल्या पत्रात केला आहे. लेखी खुलासा द्यावा लागलेले आम्हीच पहिले नव्हे, एवढे समाधान त्यातून मिळते.

पण त्याच दिवशी त्याने जे दुसरे केले ते आम्हाला अधिक मोलाचे वाटते. केळणेच्या अलीकडच्या तीरावर तो उभा होता आणि नदी ओलांडायला जागा हवी होती. वाटाड्यांनी सांगितले, इथे उतार नाही. दुर्बिणीतून त्याला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे दिसली. इतकी जवळ, समोरासमोर दोन गावे माणसांनी वसवली आहेत त्या अर्थी त्यांच्यात येण्याजाण्याची काहीतरी सोय असलीच पाहिजे, असा त्याने तर्क केला आणि फौज तिकडे वळवली. उतार होता. पुढची कथा इतिहासाच्या पुस्तकांत आहे. त्या दिवशी एकट्या इंग्रजांच्या बाजूचे मेलेले आणि जखमी मिळून पंधराशेंवर गेले. मराठ्यांच्या तोफखान्याने त्यांना किती महाग पडावे, याचा हा आकडा आहे. वाटाडे खोटे बोलले, की त्यांना खरोखरच माहीत नव्हते, हे आता ठरवता येणार नाही. परक्या फौजेने धरून आणलेल्या माणसाने काय सांगावे, याचाही विचार आपण करायला हवा. वेलस्लीचा तर्क मात्र आपल्याकडच्या कोणत्याही आजीने केला असता. समोरासमोरच्या दोन गावांत सोयरिकी असतात आणि सोयरिकी असल्या की नदीला उतार असतोच.

इतके सगळे सांगायचे कारण, यंत्र निवडण्याच्या प्रश्नाचे खरे स्वरूप यात आहे असे आम्हाला वाटते. ‘मी कुठे आहे’ हा एक प्रश्न आणि ‘जायचे कुठून’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आकाशातून मिळते. दुसऱ्याचे उत्तर जमिनीवर, माणसांकडे असते, किंवा माणसांनी केलेल्या वस्तीत वाचता येते. आम्ही त्या दिवशी एकाच उपकरणाला दोन्ही प्रश्न विचारले आणि दोन्हींची उत्तरे एकाच विश्वासाने ऐकली.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कसे मिळते ते थोडक्यात सांगायला हवे, कारण आमच्या खोलीत यावर महिनाभर वाद झाला आणि त्यातला निम्मा अज्ञानातून झाला. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सतत वेळ सांगत असतात. आपल्या हातातले यंत्र फक्त ऐकते. किमान चार उपग्रह एकदम ऐकू आले की ते स्वतःचे अक्षांश, रेखांश, उंची आणि नेमकी वेळ काढते. त्यासाठी मोबाइलचा मनोरा लागत नाही. मोबाइलमधला जीपीएसही रेंजशिवाय चालतो. रेंज गेल्यावर मोबाइल आंधळा होतो हा आमचा समज चुकीचा होता. रेंज गेल्यावर जातो तो नकाशा, जर आधी उतरवून ठेवलेला नसेल तर. त्या रात्री आमच्या मोबाइलला आपण कुठे उभे आहोत हे अचूक ठाऊक होते. आम्हालाच ते विचारता आले नाही.

पूर्वी हे उत्तर नागरिकांना मुद्दाम शंभरेक मीटर चुकवून दिले जाई. १ मे २००० रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी ती चूक बंद करण्याची घोषणा केली आणि एका रात्रीत जगभरची लहान यंत्रे कामाची झाली. (१ मे ही तारीख आम्हाला आणखी एका कारणाने लक्षात राहते. १९८१ साली याच दिवशी जालना जिल्हा झाला.) आज मोकळ्या आकाशाखाली पाच-दहा मीटरांच्या आत उत्तर मिळते. रशिया, युरोप, चीन यांचे उपग्रह आहेत. आपल्या ‘नाविक’ मालिकेतला पहिला उपग्रह २०१३ साली वर गेला. कोणते यंत्र किती देशांचे उपग्रह ऐकते, यावर जाहिरातवाले फार बोलतात. आमच्या पठारी जिल्ह्यात त्याने फारसा फरक पडत नाही. सह्याद्रीत पडतो. साम्रदजवळच्या सांदण दरीत, दोन कातळभिंतींमधल्या त्या चिरेत, आकाशाची पट्टीच शिल्लक राहते आणि लहरी कातळावर आपटून उशिरा पोचतात. तिथल्या आमच्या मार्गाची नोंद नंतर पाहिली, तर आम्ही कड्याच्या पोटातून आरपार चाललो होतो.

आता मोबाइल की वेगळे यंत्र? आमचे भूगोलाचे सहकारी ठामपणे म्हणतात की, चांगल्या मोबाइलात नकाशा उतरवून घेतला, सोबत चार्जिंगचा डबा ठेवला की दुसऱ्या यंत्रावर पैसे घालणे हा शौक आहे. एका दिवसाच्या, गाडीरस्त्याच्या सहलीपुरते ते बरोबर आहे आणि आम्ही ते मान्यही केले. पण मे महिन्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत, अंतूर किंवा वेताळवाडीला, बेचाळीस अंशांच्या उन्हात मोबाइल तापून स्वतःच बंद पडतो. पडदा उन्हात दिसत नाही. पावसात ओल्या बोटाला तो दाद देत नाही. आणि मुख्य म्हणजे तोच मोबाइल फोटोंसाठी, फोनसाठी, गाण्यांसाठी आणि संध्याकाळी टॉर्चसाठी वापरला जातो. अडचणीच्या वेळी ज्या वस्तूवर सर्वांची भिस्त आहे, ती वस्तू दिवसभर कुणीतरी खर्च करत असते. चौदा मुलांची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने एक वस्तू अशी ठेवावी, जिच्यावर गाणी वाजत नाहीत.

तेव्हा यंत्र घ्यायचे ठरले. महाविद्यालयाच्या निधीतून नव्हे, तिघांच्या पगारातून. खुलाशानंतर निधी मागण्याचे धाडस कुणात उरले नव्हते. दुकानात आणि संकेतस्थळांवर पाहिले तेव्हा लक्षात आले की, यंत्रांची किंमत पडद्याच्या आकाराने आणि नकाशाच्या रंगाने वाढत जाते, आणि आपल्याला ज्याची गरज आहे ती गोष्ट सर्वांत स्वस्त यंत्रातही असते. ती म्हणजे मार्गाची नोंद. यंत्र खिशात चालू ठेवले की आपण जिथून गेलो ती वाट ते ठिपक्याठिपक्यांनी लिहून ठेवते, आणि परत फिरताना त्या रेघेवरून बोट धरून नेते. पुढचा रस्ता दाखवणारी यंत्रे पुष्कळ आहेत. पुढचा रस्ता हा कुणीतरी दूर बसून केलेला अंदाज असतो. मागचा रस्ता आपण चाललेला असतो. त्यात गाडीवाट निघत नाही आणि विहीर आडवी येत नाही. त्या दिवशी डांबर संपले तेव्हाच मागच्या रेघेवरून वळलो असतो, तर संध्याकाळी सहाला जालन्यात होतो.

यंत्र कळांचे असावे. स्पर्शाचा पडदा दुकानात छान वाटतो. डोंगरात घामेजल्या हाताने, झाडीत, पावसात कळ दाबलेली कळते. दुसरे, ते पेन्सिल सेलवर चालणारे असावे. हा मुद्दा शहरातल्या मित्रांना हास्यास्पद वाटला. पण भोकरदनच्या बाजारात, मंठ्याच्या बसस्थानकासमोर, फार काय एखाद्या वस्तीवरच्या किराणा दुकानातही भिंतीवरच्या घड्याळासाठी आणि टीव्हीच्या रिमोटसाठी पेन्सिल सेल मिळतो. ईट्रेक्सच्या मालिकेत २०१९ साली आलेले रंगीत पडद्याचे २२एक्स दोन पेन्सिल सेलवर सुमारे पंचवीस तास चालते असे कंपनी सांगते. २०२३ साली आलेले साध्या पडद्याचे एसई तर सात दिवसांच्या हिशोबाने. दुसऱ्यात सविस्तर नकाशा भरता येत नाही. ज्याला नोंद आणि स्थान एवढेच हवे, त्याला त्याची उणीव भासू नये. ज्याला सह्याद्रीत हिंडायचे आहे त्याने नकाशाचे घ्यावे आणि त्यात ओपनस्ट्रीटमॅपचा फुकट नकाशा भरावा. गडवाटा त्यात बऱ्याच आहेत, कारण त्या तिथे चाललेल्या लोकांनीच काढल्या आहेत.

अधिक पैसे टाकले की खरा होकायंत्राचा भाग आणि हवेच्या दाबावरून उंची सांगणारा भाग मिळतो. पहिल्याचा उपयोग आहे: साधे यंत्र आपण चालत असलो तरच दिशा सांगू शकते, धुक्यात थबकून उभे राहिलो की त्याला दिशा कळत नाही. पण त्यासाठी शंभर-दोनशे रुपयांचे सुईचे होकायंत्र खिशात ठेवता येते, आणि त्याला सेलही लागत नाही. दाबाची उंची पावसाळ्यात हवा बदलली की बदलते, म्हणून ती ठाऊक असलेल्या उंचीशी जुळवून घ्यावी लागते. आपल्याकडे त्याची सोय आहे. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. लहानपणापासून आपण ती वाचत आलो, ती कशासाठी असते हे आम्हाला पन्नाशी जवळ आल्यावर कळले.

यंत्र घेतल्यावर पहिल्या आठवड्यात आमच्याकडून दोन चुका झाल्या. त्या इथे नोंदवणे कोणत्याही किमतीच्या तुलनेहून उपयोगी वाटते. जालन्याचे अक्षांश साधारण १९ अंश ५० मिनिटे. आमच्यापैकी एकाने ते १९ दशांश ५० असे भरले. अंशाच्या साठाव्या भागाला मिनिट म्हणतात. १९ दशांश ५० म्हणजे १९ अंश ३० मिनिटे. एक मिनिट सुमारे १.८५ किलोमीटर, वीस मिनिटांचा फरक म्हणजे ३७ किलोमीटर. यंत्राने आमच्या महाविद्यालयाला अंबडच्याही पुढे, गोदावरीच्या दिशेने नेऊन ठेवले. शाळेत दशमान अपूर्णांक शिकलेल्या माणसाकडून असे व्हावे याची लाज वाटली. पण संकटात कुणाला फोनवरून आपली जागा सांगताना हीच चूक झाली तर शोधणारे ३७ किलोमीटरवर शोधत बसतील. म्हणून आता मुलांना आकडे उच्चारून सांगायला शिकवतो: ‘अंश’ म्हणायचे, ‘दशांश’ म्हणायचे, गाळायचे काही नाही.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म, आणि तिच्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. आमच्या एका मित्राकडे भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना, एक इंचास एक मैल प्रमाणाचा नकाशा होता. त्यावरून एका टेकडीचे अक्षांश-रेखांश काढून यंत्रात भरले आणि टेकडीच्या माथ्यावर गेलो, तर यंत्र म्हणे अजून शंभराहून अधिक मीटर जायचे आहे. पुढे तर उतार होता. यंत्र बिघडले असे वाटले. ते बिघडले नव्हते. जुने भारतीय नकाशे जॉर्ज एव्हरेस्टने पृथ्वीचा जो आकार मानला त्यावर रेखलेले आहेत. जीपीएस पृथ्वीचा वेगळा आकार आणि वेगळा मध्य धरतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे. जवळपास प्रत्येक यंत्रात हा आधार बदलण्याची सोय असते, आणि बहुतेक जण ती कधी उघडत नाहीत. एव्हरेस्टच्या आधी ही मोजणी ज्याने दक्षिणेतून वर आणली तो विल्यम लॅम्बटन १८२३ साली आपल्या विदर्भातच, हिंगणघाटला, मोजणीच्या वाटेवर वारला. त्याची कबर तिथे आहे. २००५च्या नकाशा धोरणानंतर सामान्यांसाठी निघालेली सर्वेक्षण विभागाची मालिका नव्या आधारावर आहे, त्यामुळे ज्यांच्या हाती जुना नकाशा नाही त्यांना हा त्रास होणार नाही. आम्हाला तो झाला याचा आनंदच आहे. दोन माणसे एकाच जागेबद्दल वेगवेगळे आकडे सांगतात आणि दोघेही खरे बोलतात, हे वर्गात समजावून सांगायला एवढा चांगला दाखला दुसरा सापडला नव्हता.

आता त्या वडिलांकडे येऊ. त्यांना नकाशा नको होता, अक्षांश नको होते. आपली मुलगी कुठे आहे एवढे त्यांना हवे होते. तेव्हा आम्ही साहजिकच असे यंत्र शोधले जे रेंज नसताना उपग्रहामार्फत घरी निरोप धाडील. अशी यंत्रे आहेत, छान आहेत, परदेशात गिरिभ्रमण करणारे ती सर्रास बाळगतात. भारतात ती सरकारी परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. २०२४च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटूला असेच यंत्र जवळ असल्यामुळे अडवण्यात आले. परदेशातल्या नातेवाइकांकडून ‘जरा चांगले यंत्र’ मागवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे: नुसते ऐकणारे जीपीएस चालते, उपग्रहाशी बोलणारे नाही. यामागची सुरक्षेची कारणे आम्ही जाणतो. पण डोंगरात अडकलेल्या माणसाला हाक मारण्याचे साधन परवान्याच्या मागे ठेवायचे असेल, तर तो परवाना गिर्यारोहण संस्थांना आणि शाळा-महाविद्यालयांना मिळवता येईल असा तरी असावा. यावर कुणी फारसे बोलत नाही.

तोवर आम्ही जुनी पद्धत धरली आहे. निघण्याआधी एका कागदावर गावांची नावे क्रमाने, प्रत्येकापुढे वेळ, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करावी ती वेळ. एक प्रत कार्यालयात, एक प्रत्येक पालकाकडे. रेंज संपण्यापूर्वीच्या शेवटच्या गावात पोलीस पाटलांना सांगून जायचे की इतकी मुले या वाटेने गेली आहेत. यंत्राने या कागदात एवढीच भर घातली की गावाच्या नावापुढे आता आकडे असतात. पिंपळगावे कितीही असोत, त्या आकड्यांवर एकच असते.

गाडीच्या प्रवासाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. रस्ता दाखवण्यासाठी हातातले यंत्र घेऊ नये असेच आमचे मत आहे. त्यात भरलेला नकाशा शिळा होतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा २०२२च्या डिसेंबरात खुला झाला, आणि त्याआधी नकाशा भरलेले एखादे यंत्र आजही जालन्याजवळ त्या महामार्गावर आपली गाडी शेतातून चालल्याचे दाखवील. मोठ्या रस्त्यावर मोबाइल पुरतो. डांबर सोडले की माणसाला विचारावे, आणि विचारताना ‘हा रस्ता अमुक गावाला जातो का’ असे विचारू नये. आपल्याकडे पाहुण्याला ‘नाही’ म्हणायची रीत नाही. उत्तर ‘जातो की’ असेच येते. ‘काल पावसानंतर इथून कुणाची गाडी गेली का’ असे विचारले की खरे उत्तर मिळते. मंठ्याहून लोणारला जाताना आडवाटेने जायचा मोह आम्ही एकदा या एका प्रश्नावर सोडला.

आम्ही कोणते यंत्र घेतले ते सांगत नाही, जाहिरात वाटायला नको. कळांचे आहे, पेन्सिल सेलचे आहे, आणि त्याच्यावर आमची एक तक्रार आहे: त्यात देवनागरी लिहिता येत नाही. जागेचे नाव साठवायचे तर रोमन अक्षरांत. मराठीच्या अध्यापकांनी ‘अंतूर’ हे नाव परक्या लिपीत टंकावे आणि पुढे ते ‘अन्तुर’ की ‘आंतूर’ हे आपणच ओळखावे, हा प्रकार फार सुखाचा नाही.

गेल्या जानेवारीत असईला पुन्हा गेलो. नऊ मुली, सहा मुले, कागदाच्या पंधरा प्रती पंधरा घरी. या वेळी आधी असईत माणसांना विचारले, मग नदीच्या काठाने चालत गेलो. पाणी घोट्यापर्यंत होते. पलीकडे घरे दिसत होती. वेलस्लीला दिसली ती हीच, असे म्हणायचा मोह झाला, पण सव्वादोनशे वर्षांत गावे थोडी सरकतात, नदीही. काठावर हरभऱ्याच्या शेतात एक गृहस्थ पाणी देत होते. इथे पूर्वी उतार होता का, असे विचारले. ते म्हणाले, होता नव्हे, आहे. त्यांची आई लग्न होऊन पलीकडून इथूनच आली होती. आता सगळे मोटारसायकलीने फिरून जातात.

आम्ही तिथे उभे राहून जागा नोंदवली. मुलांनी आकडे वहीत उतरवले आणि एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवले, अंश, दशांश, सगळे. त्या गृहस्थांनी यंत्र हातात घेतले, उन्हात तिरपे धरून पाहिले आणि आमच्या गावाचे नाव यात आहे का, असे विचारले. आहे म्हणालो, आणि पडद्यावरची रोमन अक्षरे वाचून दाखवली.

“नुस्तं पिंपळगाव?” ते म्हणाले. “कोन्तं ते लिव्हा की.”